अनुभव धागा: घरासाठी, बागेसाठी स्वतः केलेल्या वस्तू

काल माळा आवरताना बाबांनी केलेल्या आकाशकंदिलाचा सांगाडा सापडला. कागद कधीच गेलाय, पण कामट्या ताठ आहेत आणि एकही गाठ सुटलेली नाही. तिथेच पाय पसरून बसले.

आम्ही नारायण पेठेत वाड्यात राहायचो. दिवाळीच्या आधी बाबा बुरुड आळीतून बांबू आणायचे, चिरायचे, आणि कामट्या तासताना बोटाला कूस लागणार नाही इतक्या गुळगुळीत करायचे. सगळ्या एकाच मापाच्या. २४ कामट्यांचे ६ चौकोन बांधायचे. एक वर, एक खाली, मधले चार टोकांवर उभे. शेजारच्या चौकोनांची टोकं एकमेकांना बांधत गेलं की मधल्या फटींतून ८ त्रिकोण आपोआप तयार होतात, त्यांना वेगळी कामटी लागतच नाही! लहानपणी मला ही जादूच वाटायची. चौकोनांना एका रंगाचा पतंगी कागद, त्रिकोणांना दुसऱ्या. वरचा चौकोन उघडा, म्हणजे दिव्याची धग बाहेर जाते.

विकत सगळं मिळतं, तुळशीबागेत एक फेरी मारली की झालं. पण आपण केलेली वस्तू मोडली तर ती कुठून सोडवायची आणि कुठे बांधायची हे आपल्याला माहीत असतं. मला हे फार मोलाचं वाटतं. घरात, गच्चीत, बाल्कनीत तुम्ही काय काय केलंय? सविस्तर लिहा, जमलं तर मापांसकट.

जास्वंद: आणि खळ? खळीचं लिहिलंच नाहीस! मैदा गार पाण्यात कालवून मग मंद आचेवर, सतत ढवळत. आमच्याकडे चिमूटभर मोरचूद घालायचे, झुरळं कागद खात नाहीत. विषारी असतं, पोरांच्या हाती द्यायचं नाही. आजोबा पुस्तकं बांधायचे तेव्हाही हीच खळ. त्यांची ज्ञानेश्वरी अजून शाबूत आहे.

किल्लेदार कोथरूड: किल्ला राहिलाच की! यंदा सोसायटीच्या पार्किंगमध्ये राजगड. पद्मावती, सुवेळा, संजीवनी, तिन्ही माच्या आणि मधे बालेकिल्ला. खाली विटा आणि दगड, त्यावर चिखलात बुडवलेलं गोणपाट, वरून चाळलेल्या मातीचा थर. संजीवनीची दुहेरी तटबंदी दाखवायला पोरांनी पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या बोटभर अंतरावर उभ्या केल्या आणि दोन्ही बाजूंनी चिखल लिंपला. चौथीतल्या मुलीची कल्पना! मावळे कुंभारवाड्यातून. वसुबारसेच्या आधी आळीव पेरा, पाडव्याला गड हिरवागार.

अनामिक वाचक: राजगड म्हणजे राजगड. फोटो टाका काका.

गच्चीवरची: आम्ही मे महिन्यात गावाला जातो आणि पुण्यात तेव्हा ऊन ४० अंशांवर. झाडांचं काय? साधा मातीचा माठ, रंग किंवा चकाकी न दिलेला, मोठ्या ड्रममध्ये गळ्यापर्यंत पुरायचा. पाणी भरून झाकण ठेवायचं. माती सुकेल तसं माठाच्या अंगातून पाणी झिरपत राहतं. भोवती वांगी, टोमॅटो, मिरची मस्त राहतात. माठ निवडताना तळाला भोक नाही ना ते बघा. छोट्या कुंड्यांना सुती दोरी: एक टोक मातीत, दुसरं शेजारच्या पाण्याच्या डब्यात तळापर्यंत. नायलॉनची नको, ती पाणी ओढत नाही. वर वाळक्या पाल्याचा जाड थर द्याच. गॅसवर दूध आहे, नंतर लिहिते.

भोसरीकर: पॅकिंगच्या लाकडी पॅलेटचं बाक केलंय, त्यावर कुंड्या. लाकूड घेताना शिक्का वाचा. ‘एचटी’ म्हणजे उष्णतेची प्रक्रिया, लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर निदान ३० मिनिटं. ते घ्या. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी, ते घरात आणू नका. शिक्काच नसेल तरी सोडून द्या.

जास्वंद: हे अजिबात माहीत नव्हतं. दादा, खरंच आभार.

सहकारनगर: टॉवेलची कुंडी करून बघा. जुना जाड टॉवेल सिमेंटच्या पातळ राड्यात बुडवून उलट्या बादलीवर पसरायचा, आधी बादलीला प्लास्टिक गुंडाळा. चुण्या आपोआप सुंदर पडतात. रबरी हातमोजे हवेतच, सिमेंट कातडी जाळतं. वाळायची घाई नको: दुसऱ्या दिवशी बादली काढा आणि आठवडाभर ओल्या गोणपाटाखाली ठेवा, तरच ताकद येते. झाड लावण्याआधी पाण्यात बुडवून पाणी दोनचारदा बदला, चुना निघून जातो.

आजीची नात: माझं बागेचं नाही, चालेल ना? आजीच्या नऊवारींची गोधडी पूर्ण केली. तिच्या हातचे टाके अर्ध्यापर्यंत, पुढचे माझे. तिचा धावदोरा इतका बारीक की हात फिरवला तरच कळतो. ती गेल्यानंतर ती घडी कुणी उलगडली नव्हती.

गच्चीवरची: चालेल काय, याचसाठी धागा आहे गं. जपून वापर.

जास्वंद: वापर पण! पेटीत ठेवू नकोस.

नवीन सभासद: बुरुड आळी नक्की कुठे? कुंभारवाड्यालाही जायचंय. गाडी लावायला जागा मिळेल?

किल्लेदार कोथरूड: गणेश पेठेत, तिथे कुणालाही विचार. दिवाळीच्या तोंडावर पेठांत गाडी घेऊन जाऊ नकोस रे बाबा. मेट्रोनं मंडईला उतर आणि चालत जा. कुंभारवाड्यासाठी कसबा पेठ स्टेशन.

नवीन सभासद: धन्यवाद काका. कंदिलाच्या कामट्या केवढ्या घ्यायच्या?

(धागाकर्ती) वीतभर लांबीच्या घे, बाल्कनीला पुरतो. कामट्या आधी पाण्यात भिजव, म्हणजे बांधताना चिरत नाहीत. आत एलईडीच लाव, साधा बल्ब तापतो आणि कागद जवळ असतो.

आजीची नात: किल्ल्यासाठी आळीव वाण्याकडचे चालतील की रोपवाटिकेतून आणायचे?

किल्लेदार कोथरूड: वाण्याकडचेच, लाडवांतले. उरलेल्यांचे लाडू करा.