मदत हवी आहे: एअर फ्रायरमध्ये हॅम स्टेक – कोरडा पडू नये, खारट लागू नये

निशिगंध:

नमस्कार मंडळी,

एअर फ्रायरमध्ये हॅम स्टेक कोणी केला आहे का? सँडविचमध्ये घालतात ते पातळ काप नव्हेत. मला विचारायचं आहे ते जाड कापाबद्दल, म्हणजे डुकराच्या मागच्या मांडीचा, मिठात मुरवून धुरी दिलेला, आडवा कापलेला आणि मधोमध गोल हाड असलेला. इथे पाककृती विभागात शोधलं, पण पोर्कचं जे काही सापडलं ते सगळं रश्शाचं किंवा विंदालूचं आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगते, म्हणजे सल्ला देणाऱ्यांना सोपं जाईल. आमचे सासरे बोटीवर होते, इंजिन रूममध्ये. बोटीवरचा कुक गोवेकर होता आणि रविवारच्या नाश्त्याला हॅमचा जाड काप भाजून त्यावर अननसाची चकती ठेवून द्यायचा. आता वय झालंय, बाहेर जाणं कमी झालंय, तरी ही आठवण त्यांच्या बोलण्यात सारखी येते. यावेळी वाढदिवसाला त्यांना तेच खायला घालायचं असं मी ठरवलंय. वाशीच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये अख्खी मांडी मिळाली. दुकानदाराने समोर करवतीवर दोन काप काढून थर्माकोलच्या ट्रेमध्ये घालून, वर प्लास्टिक गुंडाळून दिले. बर्फाच्या पिशवीसकट ट्रान्स-हार्बरने ऐरोलीला आणले आणि थेट फ्रीजरमध्ये टाकले. पट्टीने मोजलं तर जाडी दीड सेंटिमीटरच्या जरा वर आहे. एका बाजूला चरबीची बोटभर रुंद पांढरी कड आहे. मूळ वेष्टनावर ‘फुली कुक्ड, स्मोक्ड’ लिहिलेलं मी स्वतः वाचलंय.

आता अडचणी.

पहिली म्हणजे गॅस वापरायचा नाही. सासूबाई शाकाहारी आहेत. त्यांची घरात पोर्क आणायला हरकत नाही, पण गॅसवर आणि रोजच्या भांड्यांत नको, एवढंच त्यांचं म्हणणं आहे आणि मला ते मान्य आहे. म्हणून एअर फ्रायर. पण त्याच्यातही त्यांचे साबुदाणा वडे होतात! तर जाळीला चरबी लागू नये असं काही करता येईल का?

दुसरी, मीठ. सासऱ्यांना बीपीची गोळी चालू आहे. डॉक्टरांनी ‘कधीतरी, थोडंसं’ म्हणून परवानगी दिली आहे. खारटपणा जेवढा कमी करता येईल तेवढा हवा.

तिसरी, दात. कवळी आहे. चामट झालं तर ते काही बोलणार नाहीत, गुपचूप ताटाच्या कडेला सारतील. मला ते व्हायला नकोय.

परदेशी पाककृतींमध्ये कुठे ३७५ फॅरनहाइट, कुठे ४००, कुणी ८ मिनिटं म्हणतं, कुणी १५. माझ्याकडे ४ लिटरचा खणवाला एअर फ्रायर आहे, ८० ते २०० सेल्सिअसचा. जाणकारांनी कृपया मदत करावी.

खाडीकिनारी:

प्रश्न इतका नीट मांडलात की उत्तर द्यायला बरं वाटतं. मी ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो, कामानिमित्त काही वर्षं अमेरिकेत होतो, तिथे हॅम स्टेक हा आठवड्याच्या मधल्या दिवशीचा झटपट स्वयंपाक.

आधी मूळ गोष्ट. ‘फुली कुक्ड’ असेल तर तुम्हाला तो शिजवायचा नाही, फक्त गरम करून वरून रंग आणायचा आहे. बहुतेक लोक तो कच्चा समजून भाजत बसतात आणि तिथेच त्याचा रस जातो. मात्र गुलाबी रंगावरून काही ठरवू नका. मुरवताना घातलेल्या नायट्राइटमुळे हॅमचा गुलाबी रंग पूर्ण शिजल्यावरही तसाच राहतो. रंग जाईपर्यंत भाजायला गेलात तर हाती फक्त लाकूड लागेल.

फॅरनहाइटचं म्हणाल तर ३७५ म्हणजे साधारण १९० सेल्सिअस आणि ४०० म्हणजे २०० च्या किंचित वर. मिनिटांमध्ये एवढा फरक दिसतो कारण कुणाचा काप अर्ध्या इंचाचा असतो, कुणाचा पूर्ण इंचाचा. तुमचा मधला आहे. उघडा ठेवून १९० वर ९-१० मिनिटं, मध्ये एकदा उलटून, असा माझा अंदाज. पण तुमच्या बाबतीत उघडा ठेवू नये असंच मी म्हणेन, कारण खाली येतंय.

तुमचा काप कारखान्याच्या सीलबंद पाकिटातून थेट आलेला नाही, दुकानात करवतीवर कापून पुन्हा बांधलेला आहे. अमेरिकी कृषी खात्याचा नियम असा की त्यांच्या तपासणीखालच्या कारखान्यात पॅक केलेला शिजवलेला हॅम आतून ६० अंशांपर्यंत गरम केला तरी चालतो, बाकी सगळा ७४ पर्यंत न्यायचा. घरात वयस्कर माणूस आहे, तेव्हा तुम्ही ७४ च धरा. हॅम मिठात मुरलेला असल्यामुळे साध्या पोर्कपेक्षा पाणी जास्त धरून ठेवतो, त्यामुळे ७४ ला लगेच चामट होत नाही. त्याच्या पुढे मात्र जाऊ देऊ नका.

थर्मामीटर घ्याच. सळईवाला डिजिटल फार महाग नसतो. काप पातळ असल्यामुळे सळई वरून न खुपसता कडेने आडवी घाला, टोक मांसाच्या मध्यावर येऊ द्या आणि हाडाला टेकू देऊ नका, नाहीतर आकडा चुकीचा दाखवेल.

वीजमिस्त्री:

विषयाला धरून थोडंसं वेगळं. एअर फ्रायर १४००-१५०० वॅटचे असतात. २३० व्होल्टला हिशोब केला तर साडेसहा अँपिअर. जुन्या सोसायट्यांमध्ये ओट्यावरचे प्लग ६ अँपिअरचे असतात आणि लोक कन्व्हर्टर लावून तिथेच चालवतात. असं करू नका. १६ अँपिअरच्या मोठ्या पॉइंटलाच लावा, एक्स्टेंशन बोर्ड नको. बाकी हॅमबद्दल मी वाचतोय.

वसईची_लेक:

निशिगंध, वाचून फार छान वाटलं. माझं माहेर वसईचं, सासर ठाण्यात. नाताळात आमच्याकडे सोरपोतेल असतंच, आणि हॅमही होतो, त्यामुळे खारटपणाचा अनुभव दांडगा आहे.

आदल्या रात्री काप फ्रीजरमधून काढून खालच्या कप्प्यात ठेवा, ओट्यावर नाही. सकाळी तो गार पाण्यात बुडवून पुन्हा फ्रीजमध्येच तासभर ठेवा, मध्ये एकदा पाणी बदला. मग स्वच्छ फडक्याने अगदी कोरडा टिपा. ओला राहिला तर रंग येत नाही. गॅस चालला असता तर पाण्यात घालून मंद उकळी आणा आणि ते पाणी फेका, असं सांगितलं असतं, त्याने मीठ जास्त निघतं. पण भिजवण्यानेही चवीत फरक कळतो.

तरी एक सांगते. भिजवून सगळं मीठ जात नाही. १०० ग्रॅम हॅममध्ये हजार मिलिग्रॅमच्या वर सोडियम असतं आणि जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला २००० च्या आत राहायला सांगते. म्हणून सासऱ्यांना अख्खा काप देऊ नका. तळहाताएवढा तुकडा द्या आणि त्या दिवशीचं बाकीचं जेवण अळणीकडे झुकणारं ठेवा. लोणचं-पापड नको. सोबत उकडलेला बटाटा, वाफवलेली फरसबी, आणि वर मीठ अजिबात नाही.

चरबीची कड कापून टाकू नका, चव तिथेच आहे. फक्त सुरीने तिला इंच-इंच अंतरावर चिरा द्या, मांसापर्यंत. ती कड गरम झाली की मांसापेक्षा जास्त आक्रसते आणि काप वाटीसारखा वर वळतो. मग मधला भाग एकीकडे आणि कडा दुसरीकडे भाजतात. चिरा दिल्या की सपाट राहतो.

नेरुळकर:

मला स्वतःला हे सगळं तव्यावर करणं जास्त पटतं. बिडाच्या तव्यावर प्रत्येक बाजूला ३ मिनिटं, काम झालं. एअर फ्रायरला उगाच डोक्यावर चढवून ठेवलंय. तो म्हणजे पंखा लावलेला छोटा ओव्हन, बाकी काही नाही.

खाडीकिनारी:

नेरुळकर, पंख्याचं म्हणणं बरोबर आहे, पण त्यांच्याकडे गॅस वर्ज्य आहे हे त्यांनी सुरुवातीलाच लिहिलंय. शिवाय तो पंखा हाच इथे मुद्दा आहे. वरच्या कॉइलची गरम हवा तो जोरात फिरवतो, म्हणून रंग लवकर येतो आणि पृष्ठभागावरचं पाणीही लवकर उडतं. पहिली गोष्ट हवी आहे, दुसरी नको आहे. म्हणून सुरुवातीला झाकून, शेवटी उघडून.

निशिगंध, असं करून बघा. खणात बसेल अशी, काठ असलेली स्टीलची थाळी घ्या, ढोकळ्याची चालेल. त्यात काप ठेवा, ३-४ चमचे अननसाचा रस घाला, वरून फॉइल लावा आणि थाळीच्या काठाखाली घट्ट दुमडा. सैल फॉइल पंख्याच्या हवेने उडून कॉइलला चिकटू शकतं, तेवढं सांभाळा. फॉइल रसात बुडू देऊ नका, आंबट पदार्थ ॲल्युमिनियमला लागलेला बरा नव्हे. १८० वर १० मिनिटं. मग थर्मामीटर. ७० च्या आसपास आला की फॉइल काढा, वरून लेप लावा आणि २०० वर २-३ मिनिटं. कमी असेल तर झाकून आणखी दोन-दोन मिनिटं वाढवत जा, थाळीमुळे वेळ थोडा जास्त लागू शकतो.

थाळीमुळे चरबी जाळीला लागणार नाही, आणि खाली गळून जळणार नाही, म्हणजे धूरही नाही. सासूबाईंचे वडे सुरक्षित! नंतर जाळी कोमट पाण्यात साबण घालून मऊ स्पंजने धुवा. तारेची घासणी लावलीत तर लेपन निघतं.

निशिगंध:

किती सविस्तर! सगळ्यांचे मनापासून आभार. थाळीची कल्पना सासूबाईंना वाचून दाखवली, त्यांनी लगेच माळ्यावरची जुनी थाळी काढून दिली आणि ती आता हॅमचीच, असं जाहीर केलं.

दोन शंका उरल्यात. लेप कशाचा? सगळीकडे ब्राउन शुगर आणि डिजाँ मस्टर्ड लिहिलंय. आणि अननस ताजा घ्यावा की डब्यातला? तुर्भ्याच्या मार्केटमधून आणलेला सुंदर पिकलेला अननस घरात आहे. रात्रभर त्याच्या रसात काप मुरवला तर मऊ होईल का? दातांचा प्रश्न आहे ना.

वसईची_लेक:

रात्रभर अजिबात नको. ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचं विकर असतं, ते मांसातली प्रथिनं तोडतं. अर्धा तास ठेवलं तर वरचा थर मऊ होतो, रात्रभर ठेवलं तर पिठूळ, लिबलिबीत होतो आणि तो पोत मग कशानेच सुधारत नाही. डब्यातला अननस कारखान्यात तापवलेला असतो, त्यात हे विकर उरत नाही, त्यामुळे त्याने मऊही होणार नाही. तुमच्या सासऱ्यांसाठी ताजा रस, भाजण्याआधी २०-२५ मिनिटं, फ्रीजमध्ये. वर ठेवायची चकतीही ताजीच वापरा. ती वेगळी ५-६ मिनिटं आधी भाजून घ्या, कारण कापावर ठेवून एकत्र भाजली तर तिच्याखाली रंग येत नाही.

लेपासाठी ब्राउन शुगरमागे धावू नका. दोन चमचे चिरलेला गूळ, एक चमचा फेसलेली मोहरी, थोडा अननसाचा रस आणि दोन लवंगांची पूड. मोहरी घरी नेहमी फेसतो तशीच, फक्त मीठ न घालता. गूळ शेवटच्या २-३ मिनिटांतच लावा. आधी लावलात तर हॅम गरम व्हायच्या आत गूळ काळा पडून कडू होतो. त्या वेळी एअर फ्रायरसमोरून हलू नका, एका मिनिटात रंग बदलतो.

आणि वाढताना मांसाच्या धाग्यांना आडवे, बोटभर रुंदीचे तुकडे करून द्या. कवळीवाल्यांना याचा फार उपयोग होतो. माझ्या सासूबाई असंच खातात.

नेरुळकर:

गूळ आणि फेसलेली मोहरी, हे मात्र मीही करून बघणार. तव्यावर.

खाडीकिनारी:

भर घालतो. काढल्यावर २-३ मिनिटं तसाच राहू द्या, मग कापा. थाळीत साठलेला रस चाखून बघा. बराच खारट असेल, तो वर ओतू नका.

निशिगंध:

अगदी हेच हवं होतं. शनिवारी रात्री एकच काप खाली काढते, दुसरा फ्रीजरमध्येच ठेवते. तो किती दिवस टिकेल? आणि उरलेल्या हाडाचं काही करता येतं का, की टाकून द्यायचं?

वसईची_लेक:

फ्रीजरमधला एक-दोन महिन्यांत संपवा. टिकतो त्याहून जास्त, पण चव उतरते आणि चरबीला वास यायला लागतो. केलेला उरला तर फ्रीजमध्ये ३-४ दिवस, त्याहून जास्त नाही.

हाड टाकू नका हो! फ्रीजरमध्ये ठेवा, दुसऱ्या कापाचंही जमवा. पांढरे वाटाणे रात्रभर भिजवून, त्यात ही दोन हाडं, कांदा, गाजर, मिरी आणि तमालपत्र घालून मऊ शिजवायचं. मीठ नाही, हाडातलं पुरतं. तुमच्याकडे इंडक्शनची शेगडी वेगळी असेल तर तिच्यावर करा, नसेल तर मला व्यक्तिगत निरोप पाठवा. ऐरोलीहून ठाणे किती लांब आहे? माझ्याकडे पोर्कचा कुकर वेगळाच आहे, हाडं घेऊन या, सूप घेऊन जा.