मदत हवी आहे : घाटात नेण्याआधी जुन्या कॅम्पर व्हॅनचं काय काय तपासू?

नमस्कार मंडळी, मी साताऱ्यात राहतो. 2009 ची डिझेल व्हॅन घेतली आहे. आधीच्या मालकाने आत झोपायची फळी, छोटा ओटा आणि गॅस बसवून घेतलाय. आई-बाबांना घेऊन कोकणात उतरायचं मनात आहे.

काळजी ब्रेकची. परवा कासहून यवतेश्वर घाट उतरताना पेडल मऊ पडलं, दोनदा दाबल्यावर गाडी थांबली. खाली आल्यावर चाकांपाशी जळका वास येत होता. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं आणि मग तापल्यावर उकळतं, हे माहीत आहे. ते कधी बदललं याची नोंदच नाही. फक्त ऑइल बदलून भागेल, की मास्टर सिलिंडर, लायनर, रबरी नळ्या सगळंच उघडून घ्यावं? तोवर गाडी दारात उभी ठेवली आहे.

टायरची नक्षी चांगली दिसते, पण बाजूला 3214 छापलंय, म्हणजे 2014 च्या बत्तिसाव्या आठवड्यातले. ते बदलणारच.

दुसरा प्रश्न गॅसचा. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर तळाशी साचतो. आणि सिलिंडरच्या कप्प्याला खाली झरोकाच नाही! पत्र्याला भोक कुठे पाडावं, म्हणजे धूर-चिखल आत येणार नाही? आई-बाबा आत झोपणार, म्हणून यात तडजोड नको.

सातारा, कराड किंवा सांगलीकडे अशा गाडीचं काम मनापासून करणारा मेकॅनिक माहीत असेल तर कृपया सांगा.