स्टीमपंक प्रेमकथेतली हुशार नायिका: बुद्धी दिसते कुठे?

निळीशाई:
स्टीमपंक प्रेमकथा, म्हणजे वाफेच्या यंत्रांवर चालणाऱ्या कल्पित एकोणिसाव्या शतकातल्या कथा, मला मनापासून आवडतात, म्हणून हा विषय काढतेय. साचा ओळखीचा आहे. व्हिक्टोरियन लंडन, आकाशात वाफेवर चालणारी हवाई जहाजं, वडिलांच्या मागे कार्यशाळा सांभाळणारी तरुणी, कपाळावर चढवलेला गॉगल, गालावर वंगणाचा डाग. हिच्याइतकं यंत्रातलं कुणालाच कळत नाही, हे पहिल्याच पानावर सांगून टाकतात. मग नायक येतो, बहुधा जहाजाचा कप्तान नाहीतर बिघडलेलं यंत्र घेऊन आलेला उमराव. तिथून पुढे तिची बुद्धी फक्त त्याच्या कौतुकात उरते. "काय डोकं आहे तुमचं!" असं तो चार वेळा म्हणतो, पण ते डोकं चालताना आपल्याला एकदाही दिसत नाही. शेवटी बॉयलर फुटायच्या बेतात असतो आणि ती एक दांडा ओढते, किंवा तो तिला उचलून बाहेर आणतो.

माझी कसोटी सोपी आहे. नायिकेचं कौशल्य काढून तिच्या हातात विणकाम दिलं आणि तरी प्रेमकथा तशीच्या तशी उभी राहिली, तर लेखकाने ते कौशल्य नुसतं अंगावर घातलंय. मोठ्या कादंबरीत हे एक वेळ खपेल. पण विज्ञानकथांच्या ह्यूगो आणि नेब्युला पुरस्कारांच्या हिशेबाने लघुकादंबरी म्हणजे साधारण १७,५०० ते ४०,००० शब्द. एवढ्या जागेत प्रेम एका खोलीत आणि यंत्र दुसऱ्या खोलीत ठेवणं परवडत नाही. दोन्ही एकाच प्रसंगात घडायला हवं.

सायंतारा:
पूर्ण असहमत. प्रेमकथा वाचायला बसलेल्या वाचकाला बॉयलरची माहितीपुस्तिका नको असते. डॉक्टर नायिकेची कथा वाचताना आपण तिचे टाके तपासत नाही. ती काय करते यापेक्षा ते करताना ती कोण होते, हे मला हवं असतं.

आणि "तो तिला उचलून बाहेर आणतो" यात कमीपणा काय आहे? जिने आयुष्यभर सगळं एकटीने ओढलंय, तिला एकदा कुणीतरी सांभाळावं ही इच्छा खरी आहे. त्यासाठीच अनेक जणी या कथा वाचतात. हुशार बाईला आधार लागतच नाही, असा नियम केलात तर तिच्यावर आणखी एक ओझं टाकाल.

लोहारकी:
माहितीपुस्तिका नकोच. एक आवाज पुरतो.

वाफेच्या इंजिनाचा गव्हर्नर, म्हणजे वेग एकसारखा ठेवणारा भाग घ्या, जेम्स वॉटने १७८८ मध्ये आपल्या इंजिनावर बसवला तो. फिरणाऱ्या दांड्याला दोन गोळे. वेग वाढला की गोळे बाहेर फाकतात आणि वाफेची झडप थोडी मिटते, वेग उतरला की उलट. पण जुळणी नीट नसेल तर इंजिन एका वेगावर ठरतच नाही, चढतं, उतरतं, पुन्हा चढतं. हे का होतं यावर मॅक्सवेल या भौतिकशास्त्रज्ञाने १८६८ मध्ये गणिती निबंध लिहिला होता.

आता प्रसंग पाहा. हवाई जहाजावर मेजवानी चालू आहे, नायक तिच्याशी मन उघडं करून बोलतोय आणि ती मध्येच गप्प होते. पायाखालची घरघर चढत-उतरत असल्याचं फक्त तिला जाणवलंय. एक पुरुष समजेल की तिला आपल्यात रस नाही. दुसरा स्वतःही गप्प होऊन ऐकायला लागेल. प्रेम कुणाशी जुळणार हे तिथेच कळलं, आणि यंत्राचं वर्णन दोन ओळींच्या पुढे गेलं नाही.

शेवटच्या दांड्याबद्दल तर फारच राग येतो. बॉयलरमधलं पाणी खाली गेलं की अग्निपेटीचं छत उघडं पडून बेसुमार तापतं. म्हणून त्या छतात सहज वितळणाऱ्या धातूचं बूच बसवत. ते वितळलं की वाफ थेट आगीवर येते आणि माणसं सावध होतात. जाणकार बाई काचेच्या नळीतली पाण्याची पातळी बघून कितीतरी आधी अस्वस्थ होईल. तिचं कौशल्य त्या आधीच्या अस्वस्थतेत असतं. तेव्हा तिच्यावर कोण विश्वास ठेवतो आणि कोण "उगाच घाबरता" म्हणतो, यावर अख्खी कथा उभी राहील.

जुनीपानं:
माझा आक्षेप वेगळाच आहे. ही नायिका मुळात पटत नाही. बायकांसाठीचं गर्टन कॉलेज १८६९ मध्ये निघालं, पण केंब्रिजने बायकांना पूर्ण पदवी द्यायला १९४८ साल उजाडलं. त्या समाजात विशीतली मुलगी बिनदिक्कत इंजिनं उघडते आणि गावभर तिचा मान असतो? ही आजच्या काळातली मुलगी आहे, तिला फक्त कॉर्सेट चढवलाय. बंद दारं दाखवायची नसतील, तर व्हिक्टोरियन काळ निवडूच नये.

निळीशाई:
जुनीपानं, बंद दारांबद्दल तुमचं बरोबर आहे. "पटत नाही" याबद्दल मात्र नाही. हेन्रिएटा व्हॅनसिटार्ट यांचे वडील जहाज पुढे ढकलणाऱ्या पंख्यावर (प्रोपेलरवर) काम करत होते. वडील गेल्यावर हेन्रिएटांनी ते काम पुढे नेलं आणि १८६८ मध्ये स्वतःच्या सुधारित पंख्याचं पेटंट घेतलं. म्हणजे वडिलांची कार्यशाळा सांभाळणारी मुलगी हा साचा हवेतून आलेला नाही. हर्था आयर्टन यांनी विजेच्या कमानदिव्याची (आर्क लॅम्पची) फुसफुस का होते ते शोधून काढलं. १८९९ मध्ये इंग्लंडच्या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेने त्यांना सभासद करून घेतलं, तिथल्या त्या पहिल्या महिला. रॉयल सोसायटी या शास्त्रज्ञांच्या संस्थेने मात्र १९०२ मध्ये त्यांना सभासदत्व नाकारलं, कारण त्या विवाहित होत्या. त्याच सोसायटीने १९०६ मध्ये त्यांना ह्यूज पदक दिलं!

"विवाहित" या कारणापाशीच मला थांबायचंय, कारण या कथा नेमकं ते टाळून जातात. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा १८८२ चा कायदा येईपर्यंत इंग्लंडमध्ये लग्नाबरोबर बाईची जंगम मालमत्ता सर्वसाधारणपणे नवऱ्याची होत असे. लेथ, पाने, कानशी, तयार माल, सगळं. म्हणजे १८७५ च्या लंडनमधल्या आपल्या नायिकेने "हो" म्हटलं की तिची हत्यारं त्याची झाली. प्रेमकथेला याहून मोठा अडथळा कुठला हवाय? आणि लेखक मात्र दुष्ट काका, हरवलेला नकाशा, आकाशातले चाचे शोधत बसतात.

सायंतारा:
हा मुद्दा मला पटला, तरी एक भीती आहे. कोर्टकज्जे आले की कथा कडू होते, आणि सुखान्त हे प्रेमकथेने वाचकाला दिलेलं वचन आहे. ते मोडायचं असेल तर पुस्तकाला प्रेमकथा म्हणू नये. जहाजं उडवण्याइतकं जग बदललंत, तर तो कायदाही खुशाल पुसा.

वाफारा:
पुसायला हरकत नाही, फक्त का पुसला गेला ते दिसू द्या. चार्ल्स बॅबेज या इंग्रज गणितज्ञाने १८४७ ते १८४९ दरम्यान आखलेलं दुसरं डिफरन्स इंजिन, म्हणजे आकडेमोड करणारं यंत्र, त्याच्या हयातीत झालं नाही. लंडनच्या सायन्स म्युझियमने १९९१ मध्ये त्याचा गणिताचा भाग बांधला आणि तो बरोबर चालला. असं यंत्र वेळेवर झालं असतं तर, या प्रश्नातून स्टीमपंकचं बरंचसं जग निघतं. त्या जगात हजारो यंत्रं, ती चालवणारी हजारो माणसं, त्यात बायकाही असणारच. मग कायदा १८८२ ची वाट बघेल का? पेटंटांचं उत्पन्न असलेल्या मुली लग्नालाच नकार देतील, आणि बाप-भाऊच संसदेकडे धाव घेतील. त्या गोंधळात प्रेम खुलवा की.

जुनीपानं:
कायदा न पुसताही वाट होती. श्रीमंत घराणी लग्नाआधी करार करून मुलीची मालमत्ता विश्वस्तांकडे ठेवत, म्हणजे जावयाचा हात तिथे पोचत नसे. नायकाने अंगठीऐवजी असा करार आणला तर सायंतारा यांना सुखान्त मिळेल आणि मलाही काळ खरा वाटेल.

सायंतारा:
लग्नाची अशी मागणी असलेलं पुस्तक मी लगेच घेईन.

निळीशाई:
मी घेणार नाही. करार त्याने आणला तर तिची कार्यशाळा पुन्हा त्याच्या चांगुलपणावर उभी राहते. मसुदा तिने लिहायला हवा. लोहारकींची नायिका पाण्याची पातळी आधी ओळखते ना, तिला हा धोकाही आधी दिसणारच. कलमं तिची, विश्वस्त तिने निवडलेले, आणि तो ते वाचताना एका कलमावर अडखळतो, चिडतो. त्या वादाला दहा पानं द्या. सही त्यानंतर होऊ दे, किंवा न होऊ दे.