अमेरिकेतील पाइपलाइन ऑपरेटरची नोंदणी आणि अहवालांचे बदलते नमुने : काही शंका

दाबमापक

नमस्कार. मी अमेरिकेत नैसर्गिक वायूच्या ट्रान्समिशन लाइन, म्हणजे वायू दूरवर नेणाऱ्या वाहिन्या, चालविणाऱ्या एका लहान कंपनीत काम करतो. इतकी वर्षे माझे काम गंजरोधनाचे, म्हणजे कॅथोडिक प्रोटेक्शनची मापे घेण्याचे आणि त्यांच्या नोंदी ठेवण्याचे होते. आमचे एक ज्येष्ठ सहकारी निवृत्त झाल्यामुळे पाइपलाइन सुरक्षेच्या केंद्रीय यंत्रणेकडे, म्हणजे पीएचएमएसएकडे, जाणारी सर्व नोंदणी आणि अहवाल आता माझ्याकडे आले आहेत. फायली नीट लावलेल्या आहेत, पण त्यांमागचा विचार त्यांच्याबरोबरच निवृत्त झाला आहे, अशी माझी अवस्था आहे.

माझ्या तीन शंका आहेत. पहिली अशी की, आमच्या फायलीतील एका नमुन्यावर मंजुरी संपण्याची जी तारीख छापली आहे, ती उलटून गेली आहे. या नमुन्यांत सुधारणा करण्याविषयीच्या सूचना केंद्र सरकारच्या राजपत्रात, म्हणजे फेडरल रजिस्टरमध्ये, वेळोवेळी निघतात हे मला माहीत आहे. अशा वेळी जुना नमुना भरायचा, की नवा येईपर्यंत थांबायचे?

दुसरी शंका अधिक निकडीची आहे. आम्ही दुसऱ्या कंपनीकडून ३८ मैलांची एक लाइन विकत घेतली असून ताबा मिळून आज ४१ दिवस झाले आहेत. खरेदी-विक्रीची माहिती ५० मैल किंवा त्याहून अधिक लांबी असेल तरच कळवावी लागते, त्यामुळे आपल्याला काही करायचे नाही, असे माझ्या सहकाऱ्यांचे म्हणणे आहे. ते बरोबर आहे का?

तिसरी शंका म्हणजे, नमुन्यातील बदलांवर हरकती आणि सूचना मागविल्या जातात, तेव्हा आमच्यासारख्या लहान कंपनीने काही लिहून पाठविण्यात अर्थ असतो का, की ते काम मोठ्या कंपन्यांच्या संघटनांवर सोडून द्यावे?

नियमवाचक

दाबमापक, तुमची दुसरी शंका आधी घेतो, कारण तुमच्याकडे १९ दिवस उरले आहेत.

तुमच्या सहकाऱ्यांनी नियमाचे एक कलम वाचले आहे आणि त्याच्या शेजारचे वाचलेले नाही. ऑपरेटरांच्या राष्ट्रीय नोंदवहीविषयीचा वायूवाहिन्यांचा नियम संघीय नियमसंहितेच्या ४९ व्या शीर्षकात, भाग १९१ च्या २२ व्या कलमात आहे. (द्रवरूप धोकादायक पदार्थांच्या वाहिन्यांसाठी भाग १९५ चे ६४ वे कलम जवळजवळ तशाच शब्दांत आहे.) बदल घडल्यानंतर ६० दिवसांच्या आत कळवायच्या गोष्टींच्या यादीत ५० किंवा अधिक मैलांची खरेदी अथवा विक्री ही एक नोंद आहे हे खरे, परंतु त्याच यादीत अस्तित्वात असलेल्या लाइनची, तिच्या एखाद्या भागाची किंवा सुविधेची जबाबदारी असणारी संस्था बदलणे, ही एक स्वतंत्र नोंद आहे आणि तिला मैलांची कोणतीही मर्यादा लावलेली नाही. तुमच्या ३८ मैलांची जबाबदारी काल एका कंपनीची होती, आज तुमची आहे. माझ्या वाचनाप्रमाणे एवढे पुरेसे आहे.

व्यवहारात मालकी आणि चालविण्याची जबाबदारी या दोन गोष्टी वेगळ्या तारखांना हस्तांतरित होऊ शकतात, आणि गोंधळ बहुतेक तिथेच होतो. विक्रीखत एका दिवशी होते, पण नियंत्रण कक्ष, गस्त आणि आपत्कालीन दूरध्वनी पुढे काही आठवडे विकणाऱ्याकडेच राहतात. त्यामुळे ‘ताबा’ म्हणून तुम्ही जी तारीख धरली आहे ती नेमकी कशाची आहे हे करारात पाहून घ्या, आणि शंका असेल तर अलीकडची तारीख न धरता आधीची धरून मुदत मोजा.

ही माहिती एफ १०००.२ या नमुन्यावर ऑनलाइन पोर्टलमधून द्यायची असते. ओळख क्रमांक, ज्याला सगळे ओपीआयडी म्हणतात, तो पहिल्यांदा मिळविण्यासाठी एफ १०००.१ असतो, तुमच्या कंपनीला क्रमांक आधीच असल्यामुळे त्याची गरज नाही. विकणाऱ्या कंपनीचा ओपीआयडी हाताशी ठेवा आणि मैलांचा आकडा व तारीख त्यांच्याशी बोलून एकच ठरवा. दोन बाजूंनी दोन आकडे गेले, तर पुढे पत्रव्यवहार तुमच्याच वाट्याला येतो.

आणखी एक गोष्ट, जी अनेकदा विसरली जाते. अनेक ओपीआयडींना मिळून एकच सुरक्षा कार्यक्रम लागू असेल, आणि तो कार्यक्रम चालविण्याची मुख्य जबाबदारी ज्या संस्थेकडे आहे ती बदलली, तर तेही ६० दिवसांत कळवावे लागते. विकत घेतलेली लाइन आतापर्यंत अशा एखाद्या सामाईक कार्यक्रमात होती का, हे विक्रेत्याला विचारा.

जुना_अर्जदार

पहिल्या आणि तिसऱ्या शंकेबद्दल लिहितो.

छापील तारीख पाहून घाबरू नका. १९९५ च्या पेपरवर्क रिडक्शन ॲक्टनुसार सरकारी संस्थेला लोकांकडून ठरावीक साच्यात माहिती गोळा करायची असेल, तर त्या नमुन्याला अध्यक्षांच्या व्यवस्थापन व अर्थसंकल्प कार्यालयाची, म्हणजे ओएमबीची, मंजुरी आणि नियंत्रण क्रमांक असावा लागतो आणि ही मंजुरी एका वेळी जास्तीत जास्त तीन वर्षांची असते. मुदत संपत आली की संस्था आधी ६० दिवसांची सूचना काढते, आलेल्या अभिप्रायांचा विचार करते, मग ३० दिवसांची दुसरी सूचना काढून प्रकरण ओएमबीकडे पाठविते. प्रस्ताव वेळेत गेलेला असेल, तर निर्णय होईपर्यंत जुनी मंजुरी चालू राहते, पण छापील नमुन्यावरची तारीख मात्र तशीच राहते. म्हणून फायलीतील प्रत बाजूला ठेवा आणि ज्या वर्षाचा अहवाल द्यायचा आहे त्या वर्षासाठी पोर्टलवर जो नमुना दिसतो तोच भरा.

ज्या नमुन्यावर वैध नियंत्रण क्रमांक नाही तो न भरल्याबद्दल कोणाला दंड करता येत नाही, असे संरक्षण त्याच कायद्यात आहे. त्याचा आधार घेऊन थांबावे, असा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. ओएमबीकडे प्रकरण प्रलंबित आहे की मंजुरी खरोखरच संपली आहे, हे बाहेरून पाहणाऱ्याला नमुन्याकडे बघून कळत नाही, आणि वायूच्या ट्रान्समिशन लाइनचा वार्षिक अहवाल १५ मार्चला द्यायचाच असतो.

आता अभिप्रायाविषयी. लहान कंपनीने जरूर लिहावे, पण काय लिहावे हे महत्त्वाचे आहे. सूचनेत चार गोष्टींवर मत विचारलेले असते: माहितीची गरज आहे का, लागणाऱ्या वेळेचा अंदाज बरोबर आहे का, माहितीचा दर्जा आणि स्पष्टता कशी वाढेल, आणि भार कसा कमी होईल. बहुतेक लोक दुसऱ्या मुद्द्यावर ‘अंदाज फार कमी आहे’ एवढेच एक वाक्य लिहितात, आणि त्यातून काहीही निष्पन्न होत नाही. तो अंदाज पटणारा नसतो याचे खरे कारण असे की, रकाना भरायला पाच मिनिटे लागतात, पण त्या रकान्यात जाणारा आकडा शोधायला जुनी बांधकाम-रेखाटने, नळीच्या कारखान्याची प्रमाणपत्रे आणि चाचणीचे तक्ते उपसावे लागतात. नवा रकाना कोणता, त्याची माहिती तुमच्याकडे आज कोणत्या स्वरूपात आहे, ती हव्या त्या साच्यात आणायला किती माणसांचे किती तास जातील, हे मांडून लिहिले तर एका लहान कंपनीचे पत्रही वाचले जाते, कारण प्रकरण ओएमबीकडे पाठविताना संस्थेला आलेल्या अभिप्रायांचा परामर्श घ्यावा लागतो.

माझे स्वतःचे मत असे आहे की, नमुन्यापेक्षा नमुन्यासोबतची सूचनापुस्तिका अधिक बारकाईने वाचावी. रकान्याचे शीर्षक चार शब्दांचे असते. त्याचा अर्थ पुस्तिकेतील दोन परिच्छेदांत ठरतो, आणि तिथला एक शब्द बदलला की प्रत्यक्ष लाइनवर काम करणाऱ्या तंत्रज्ञाची नोंदवही बदलावी लागते.

नकाशेवाली

वरील दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे. तरीही नकाशा आणि नोंदी सांभाळणारी म्हणून मला त्या ३८ मैलांचीच अधिक काळजी वाटते.

तुमच्या वार्षिक अहवालाचा नमुना एफ ७१००.२-१ आहे. त्यात तीच लांबी वेगवेगळ्या प्रकारे विभागून मागितलेली असते: नळीच्या व्यासानुसार, बसविलेल्या दशकानुसार, दाबामुळे नळीवर येणाऱ्या ताणाच्या पातळीनुसार, आसपासच्या वस्तीच्या दाटीवरून ठरणाऱ्या वर्गानुसार, आणि कमाल अनुज्ञेय दाब म्हणजे एमएओपी कोणत्या आधारावर ठरविला त्यानुसार. या सगळ्या विभागण्यांची बेरीज एकच यावी लागते. विकत घेतलेल्या लाइनच्या बाबतीत ती पहिल्या वर्षी क्वचितच येते, कारण विक्रेत्याने व्यास एका तक्त्यातून घेतलेला असतो, दशक दुसऱ्यातून आणि लांबी विक्रीखतातून. चढउतारांच्या भागात नळीवरून मोजलेली लांबी आणि नकाशावर सपाट मोजलेली लांबी यांतही फरक पडतो. माझे पहिले दोन हिवाळे हा फरक शोधण्यातच गेले. शिवाय राष्ट्रीय पाइपलाइन नकाशा प्रणालीला द्यायची माहितीही १५ मार्चलाच द्यायची असते आणि तीही आधीच्या ३१ डिसेंबरची स्थिती दाखविणारी असते. म्हणजे नोंदवही, वार्षिक अहवाल आणि नकाशा या तीन ठिकाणी तुमचे ३८ मैल एकाच वर्षी, एकाच नावाखाली दिसले पाहिजेत.

एमएओपीचा रकाना केवळ औपचारिक आहे असे समजू नका. ९ सप्टेंबर २०१० रोजी कॅलिफोर्नियातील सॅन ब्रुनो येथे ३० इंची ट्रान्समिशन लाइन फुटून ८ माणसे मेली आणि ३८ घरे नष्ट झाली. कंपनीच्या नोंदींत तो तुकडा बिनजोड नळीचा होता. जमिनीखाली मात्र १९५६ मध्ये बसविलेले, लांबीच्या दिशेने सदोष वेल्ड केलेले छोटे तुकडे होते. त्यानंतरच्या कायद्याने, जो ३ जानेवारी २०१२ रोजी स्वाक्षरी होऊन अमलात आला, दाट वस्तीच्या आणि लाइन फुटल्यास अधिक परिणाम होणाऱ्या भागांतील लाइनच्या दाबाच्या नोंदी पडताळायला लावल्या, आणि वार्षिक अहवालात अपुऱ्या नोंदी असलेल्या मैलांसाठी वेगळे रकाने आले. विक्रेत्याच्या तक्त्यात सगळे रकाने स्वच्छ भरलेले दिसले, तर मी त्या तक्त्याकडे अधिक संशयाने पाहते. नळीचे वय खरोखरच माहीत नसेल, तर ‘अज्ञात’ लिहावे. अंदाजाने दशक भरू नये. पुढे कागद सापडला, तर पूरक अहवाल देऊन दुरुस्ती करता येते.

दाबमापक

तिघांचेही मनापासून आभार. करार पुन्हा पाहिला. नियंत्रण कक्षाची जबाबदारी ताब्याच्या दिवशीच आमच्याकडे आलेली आहे, त्यामुळे मोजणी त्याच तारखेपासून धरतो आणि एफ १०००.२ याच आठवड्यात पाठवितो. विक्रेत्याच्या तक्त्यात एकही रकाना रिकामा नाही. नकाशेवाली यांचे वाक्य वाचल्यावर मी तो तक्ता पुन्हा उघडला.

एक जोडप्रश्न आहे. या लाइनला जोडणारी १२ मैलांची नवी लाइन पुढच्या वर्षी बांधायची आहे. १० किंवा अधिक मैलांच्या नव्या बांधकामाची माहिती ६० दिवस आधी द्यायची असते, हे आता समजले. पण ६० दिवस कशाच्या आधी? खोदकामाच्या?

नियमवाचक

खोदकामाच्या आधी मोजाल, तर उशीर झालेला असेल. २०१४ मध्ये पीएचएमएसएने याविषयी एक मार्गदर्शक पत्रक काढले होते. त्यानुसार नळ्यांची खरेदी व निर्मिती, मार्गाच्या जमिनीचे संपादन, बांधकामाची यंत्रे जागेवर आणणे, जागेवर किंवा अन्यत्र जोडकाम करणे, मार्ग साफ करणे, सपाट करणे आणि चर खणणे, यांपैकी जे काम सर्वांत आधी सुरू होईल त्याच्या ६० दिवस आधी कळवावे, अशी त्यांची अपेक्षा आहे. पत्रक म्हणजे नियम नव्हे, असा वाद घालता येतो आणि लोक घालतातही. पण एक ऑनलाइन नमुना लवकर भरल्याने काही बिघडत नाही, आणि तपासणी अधिकाऱ्यासमोर तो वाद घालण्यापेक्षा हे सोपे आहे. तुमच्या खरेदी विभागाला नळ्यांची मागणी कधी नोंदविणार हे आजच विचारा, कारण ती तारीख नियमपालन विभागाला सर्वांत शेवटी कळते.

जुना_अर्जदार

दाबमापक, मार्चसाठी एक व्यावहारिक सूचना. ट्रान्समिशनच्या वार्षिक अहवालातील एकात्मता व्यवस्थापनाशी, म्हणजे लाइन सुस्थितीत आहे ना हे पद्धतशीर तपासत राहण्याच्या कार्यक्रमाशी, संबंधित काही भागांवर कंपनीच्या वरिष्ठ कार्यकारी अधिकाऱ्याचे प्रमाणीकरण लागते. तुमची किंवा माझी स्वाक्षरी तिथे चालत नाही. तो अधिकारी मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात कुठे असणार आहे, हे जानेवारीतच विचारून ठेवा, आणि ३८ मैलांमुळे गेल्या वर्षीच्या आकड्यांत जो फरक पडणार आहे त्याचे एक पानाचे टिपण सोबत द्या. बेरीज का बदलली, हाच प्रश्न तो पहिला विचारील.