एकटे राहणारे ज्येष्ठ कुठे आहेत? पालिकेचा खुला डेटा कसा वाचावा?

पाऊलवाट:

नमस्कार मंडळी. आमचा एक छोटा गट आहे. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांना रोज सकाळी फोन करायचा आणि कोणी उचलला नाही, तर आमच्यातल्या कुणीतरी जाऊन दार वाजवायचं, एवढंच आमचं काम. आजवर नावं ओळखीतून येत गेली. म्हणजे ज्यांना आधीच कोणीतरी ओळखतं, त्यांच्यापर्यंतच आम्ही पोचतोय. ज्यांना खरंच कोणी नाही ते आमच्या यादीत येतच नाहीत, आणि हे मला फार खुपतं.

आमच्या पालिकेने खुल्या डेटाचं, म्हणजे कोणालाही उतरवून वापरता येईल अशा माहितीचं, संकेतस्थळ सुरू केलंय. प्रभागवार वयोगट, कुटुंबांचे आकार, नागरिकांच्या तक्रारी, रस्त्यावरचे दिवे, दवाखाने असं बरंच काही आहे. मी सगळ्या सीएसव्ही (साध्या तक्त्यांच्या) फाइल उतरवून घेतल्या आणि तीन ठिकाणी अडले.

‘७५ वर्षांवरील, एकटे’ हा रकाना आम्हाला सगळ्यात हवा होता. त्यात बऱ्याच ओळींमध्ये आकड्याच्या जागी नुसती चांदणी (*) आहे. तिथे शून्य धरायचं का? दुसरं म्हणजे, मागच्या आणि आताच्या तक्त्यात प्रभागांची नावं तीच आहेत, पण एका प्रभागातले ज्येष्ठ एकदम निम्म्यावर आलेले दिसतात. इतकी माणसं गेली कुठे? तिसरं तक्रारींचं. ज्या वस्तीत संध्याकाळनंतर म्हातारी माणसं घराबाहेर पाऊल टाकत नाहीत, कारण निम्मे दिवे बंद असतात, तिथून तक्रारी सगळ्यात कमी. सुखवस्तू भागातून सगळ्यात जास्त. गटातल्या एका काकांचं म्हणणं, जिथे तक्रारी जास्त तिथे गरज जास्त, आधी तिकडे जाऊ. मला हे पटत नाही, पण खोडून काढायला मुद्दाही सापडत नाही.

जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

आकडेमोड:

पाऊलवाट, तुम्हाला पटत नाहीये ते योग्यच आहे. मी सगळी नोकरी असेच तक्ते तयार करण्यात घालवली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. सुरुवात तुमच्या तिसऱ्या प्रश्नापासून, कारण चुकीचे निर्णय सगळ्यात जास्त तिथेच होतात.

तक्रारींचा तक्ता तक्रार करणाऱ्यांबद्दल सांगतो. तक्रार करायला आधी नंबर माहीत हवा, फोन हवा, समोरच्याची भाषा बोलता यायला हवी, आणि मुख्य म्हणजे सांगितलं तर कोणीतरी येईल असा विश्वास हवा. हा विश्वास जिथे उडालाय तिथला तक्ता रिकामा असतो. बॉस्टन शहराने २०१२ मध्ये ‘स्ट्रीट बंप’ नावाचं ॲप काढलं होतं. गाडीत फोन ठेवला की खड्ड्याचा धक्का फोनच नोंदवायचा, माणसाने तक्रार करायचीही गरज नाही. तरी अडचण उभी राहिलीच. स्मार्टफोन ज्यांच्याकडे कमी, त्या गरीब आणि वृद्धांच्या वस्तीतले खड्डे नोंदले जाणार नाहीत. म्हणून शहराने ते ॲप आधी स्वतःच्या रस्ते-निरीक्षकांच्या हातात दिलं, कारण ते सगळ्या भागांत सारखे फिरतात.

तुम्हीही तेच करा. पालिकेच्या कर्मचाऱ्यांनी स्वतः फिरून केलेल्या नोंदी शोधा. दिव्यांच्या फाइलमध्ये खांबाचा क्रमांक आणि शेवटच्या दुरुस्तीची तारीख असेल, तर त्या एका रकान्यातून तुमच्या वस्तीबद्दल तक्रारींच्या अख्ख्या फाइलपेक्षा जास्त कळेल. तक्रारी वापरायच्याच असतील तर दोन गोष्टी पाहा. एकाच खांबाबद्दल दहा जणांनी कळवलं असेल तर त्या दहा तक्रारी मोजल्यात की एक? आणि ‘बंद’ असा शेरा म्हणजे दिवा लागला, की नुसता कागद पुढे सरकला? त्याच खांबाची तक्रार आठवड्याभरात पुन्हा आली असेल, तर उत्तर तुमच्यासमोर आहे.

आता प्रभाग. बहुधा माणसं कुठेही गेली नाहीत, हद्द हलली. लोकसंख्या बदलली की प्रत्येक लोकप्रतिनिधीमागे साधारण सारखी माणसं राहावीत म्हणून प्रभागांची फेररचना होते, आणि नाव पुष्कळदा जुनंच राहतं. त्यामुळे नावावर दोन तक्ते कधी जोडू नका. सांकेतिक क्रमांकाचा रकाना असेल तर त्यावर जोडा, आणि दोन्ही वर्षांच्या प्रभाग-हद्दींच्या नकाशाच्या फाइल मिळवून एकावर एक ठेवून बघा. इंग्लंडमध्ये याच त्रासापायी आकडेवारीसाठी वेगळे लहान भाग आखले. एका भागात साधारण १,००० ते ३,००० लोक, आणि प्रभाग बदलला तरी ते शक्यतो तेच ठेवायचे. तुमच्याकडे असं काही नसेल तर शेजारचे प्रभाग एकत्र करत जा, बाहेरची हद्द दोन्ही वर्षांत जुळेपर्यंत. चित्र ढोबळ होईल, पण खोटं होणार नाही.

आणखी काही गोष्टी तुम्ही विचारल्या नाहीत, पण या कामात त्या आड येतील. ‘एकाच व्यक्तीचं कुटुंब’ या आकड्यात विद्यार्थी आणि नोकरीसाठी खोली घेऊन राहणारे तरुणही असतात. म्हणून वय आणि कुटुंबाचा आकार ज्यात एकत्र दिलाय असाच तक्ता घ्या. एखाद्या प्रभागात वृद्धाश्रम असेल तर तिथे ज्येष्ठांचं प्रमाण फुगलेलं दिसेल. वृद्धाश्रमातली माणसं जनगणनेत संस्थेत राहणारी म्हणून वेगळी धरतात, आणि तुमच्या सकाळच्या फोनची गरज त्यांना तितकी नसते.

आकडे कोणत्या तारखेचे तेही बघा. माहिती दहा वर्षं जुनी असेल तर त्यातला ६५ ते ७४ हा गट आज ७५ ते ८४ झालाय, म्हणजे त्यातले जे हयात आहेत आणि तिथेच राहतात ते. तेव्हाचे ७५ वर्षांचे शोधत बसण्यापेक्षा हा गट धरून चालणं जास्त उपयोगाचं.

राहिला प्रश्न टक्का की संख्या. किती जणांना फोन करायचे, किती स्वयंसेवक लागतील हे ठरवायला संख्या लागते. पालिकेपुढे ‘या भागात दवाखाना हवा’ असं मांडताना टक्का लागतो. दोन्ही वेगवेगळ्या प्रभागांकडे बोट दाखवतील, तेव्हा गोंधळू नका.

हे सगळं किती मोलाचं ठरू शकतं याचं एक उदाहरण देतो. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या झेन्सव्हिल इथे कोल रन नावाची कृष्णवर्णीयांची वस्ती होती. पन्नासेक वर्षं तिथे नळाचं पाणी दिलं गेलं नाही, आसपासच्या घरांना मात्र मिळत होतं. रहिवाशांनी खटला भरला, तेव्हा त्यांच्या वकिलांनी दोन माहित्या एका नकाशावर ठेवल्या: पाण्याची जोडणी कोणत्या घरांना आहे, आणि कोणत्या घरांत गोरे लोक राहतात. २००८ मध्ये ज्युरीने रहिवाशांना जवळजवळ १ कोटी १० लाख डॉलरची भरपाई मंजूर केली. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी २०१० मध्ये खुल्या डेटाबद्दल बोलताना हाच नकाशा दाखवला होता. सुटे सुटे दोन्ही तक्ते कोणाच्या डोळ्यात भरले नसते.

तळटीप:

आकडेमोड यांचा प्रतिसाद उत्तम. चांदणीबद्दल मी सांगते, कारण माहिती प्रसिद्ध करण्यापूर्वी ती कोणाला उघडी पाडत नाही ना हे तपासणं, हे माझं रोजचं काम आहे.

चांदणी म्हणजे शून्य नव्हे. बहुतेक वेळा तिचा अर्थ असा की तिथे माणसं आहेत, पण इतकी थोडी की आकडा छापला तर ती ओळखू येतील. किती खालचा आकडा लपवायचा हे प्रत्येक संस्था आपापलं ठरवते, ते फाइलसोबतच्या माहितीपत्रात लिहिलेलं असतं. काही ठिकाणी शून्यही लपवतात, म्हणून ते आधी वाचा. एकूण बेरजेतून बाकीचे वजा करून लपवलेला आकडा काढता येऊ नये म्हणून त्याच ओळीतला आणखी एक, तसा मोठा असलेला आकडाही कधी कधी झाकतात. कृपया वजाबाकीच्या मागे लागू नका.

हा अतिरेक वाटत असेल तर एक प्रसंग सांगते. १९९० च्या दशकात मॅसॅच्युसेट्समध्ये सरकारी कर्मचाऱ्यांच्या दवाखान्यातल्या नोंदी, नावं काढून, संशोधनासाठी दिल्या गेल्या. लतान्या स्वीनी तेव्हा तिथल्याच एमआयटी या विद्यापीठात शिकत होत्या. त्यांनी त्याच राज्यातल्या केंब्रिज शहराची मतदारयादी २० डॉलरना विकत घेतली आणि दोन्हींतली जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड जुळवले. राज्याचे गव्हर्नर विल्यम वेल्ड यांची जन्मतारीख असलेले मतदार सहा, त्यातले पुरुष तीन, आणि त्यांच्या पिनकोडात एकच. गव्हर्नरांचे वैद्यकीय कागद स्वीनी यांच्यासमोर उघडे झाले. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या १७ कोटींहून जास्त टॅक्सी-फेऱ्यांची माहिती अशीच बाहेर आली. टॅक्सीचे क्रमांक सांकेतिक करून दिले होते, पण क्रमांकांची ठेवण ठरावीक असल्याने शक्य ते सगळे क्रमांक संगणकाने करून पाहिले आणि खरे क्रमांक काही तासांत परत मिळाले.

तुमच्या बाबतीत धोका आणखी साधा आहे. कोणत्या गल्लीत पंचाहत्तरीपुढची माणसं एकटी राहतात ही यादी तुम्हाला हवी आहे, तशीच ती फसवणूक करणाऱ्यालाही हवी आहे. म्हणून तुम्ही नकाशा बनवलात तर तो गटाबाहेर जाऊ देऊ नका, आणि पालिकेकडे जास्त बारीक माहितीही मागू नका.

पाऊलवाट:

दोघांचेही मनापासून आभार. काकांना द्यायचं उत्तर मिळालं. पण तळटीप, चांदणी असलेल्या ठिकाणी ज्येष्ठ कमी आहेत म्हणूनच तर ते जास्त एकटे असणार! अख्ख्या वस्तीत असं राहणारं एकच माणूस असेल तर त्याची दखल कोण घेणार? त्यांच्या सुरक्षेसाठी आकडा झाकला, आणि त्यामुळेच त्यांच्यापर्यंत कोणी पोचलं नाही, हे मला स्वीकारता येत नाही.

तळटीप:

तुमचा मुद्दा अगदी खरा आहे, आणि माझ्या क्षेत्रातल्या लोकांनी तो पुरेसा मनावर घेतलेला नाही असं मलाही वाटतं. पण त्यावर मार्ग आहे. पत्ते पालिकेकडे आहेत आणि फोन करणारी माणसं तुमच्याकडे. मग पत्ते तुमच्याकडे यायची गरजच काय? तुमच्या उपक्रमाची माहिती असलेलं पत्र पालिकेने तिच्या नेहमीच्या टपालाबरोबर ज्येष्ठांना पाठवावं, अशी विनंती करा. ज्यांना फोन हवाय ते स्वतः तुम्हाला कळवतील. कोणाचंही नाव त्याच्या संमतीशिवाय तुमच्यापर्यंत येणार नाही, आणि चांदणीतला तो एकटा माणूससुद्धा सुटणार नाही. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी दवाखान्यातल्या परिचारिका आणि टपाल वाटणारे यांना तोंडी सांगायला सांगा.

आकड्यांपुरतं म्हणाल, तर प्रभागांऐवजी दोन-तीन प्रभागांचे गट करून, किंवा वयोगट रुंद करून तोच तक्ता मागा. तसे केले की बऱ्याच चांदण्या जातात.

खिडकीपाशी:

पत्राची कल्पना फार आवडली. फक्त एक भर घालतो, कारण खासगीपणाचं कारण पुढे करून नको ते झाकलेलंही मी पाहिलंय. माणसांबद्दलची माहिती आणि संस्थेच्या कारभाराची माहिती यांत फरक करायलाच हवा. पहिली जपून द्यावी. दुसरी झाकायला तसंच ठोस कारण लागतं. दिव्यांची देखभाल कोणाला, किती रकमेला दिली, ज्येष्ठांसाठी ठेवलेल्या निधीतला किती खर्च झाला, यात कोणाच्या घराचा पत्ता येतो? इंग्लंडमध्ये २०१५ च्या पारदर्शकता संहितेनुसार स्थानिक संस्थांना ५०० पौंडांवरचा प्रत्येक खर्च दर तिमाहीला जाहीर करावा लागतो. भारतात २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ तर कोणी अर्ज करण्याआधीच अशी माहिती स्वतःहून मांडायला सांगतं. तेव्हा हा भाग हक्काने मागा, आणि पीडीएफमध्ये नको, तक्त्याच्या स्वरूपात मागा.

डेटात काही खटकलं तर ते संस्थेला पुराव्यानिशी कळवा. आकडेवारीचे अभ्यासक बेन वेलिंग्टन यांनी २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या पार्किंग-दंडाचा खुला डेटा तपासला. पदपथाच्या काही उतारांसमोर गाडी लावायला कायद्याने परवानगी होती, तरी पोलीस तिथे दंड करत होते. त्यांनी हे पोलिसांना दाखवलं. पोलिसांनी उत्तरात चूक मान्य केली आणि कर्मचाऱ्यांना नव्याने प्रशिक्षण दिलं. तुमचा दिव्यांचा तक्ता तसाच घेऊन जा.

पाऊलवाट:

ठरलं मग. पत्राचा मसुदा आम्ही आज-उद्या लिहितो आणि इथेच टाकतो. अक्षर मोठं, वाक्यं छोटी ठेवू, फोन करणाऱ्यांची ओळख कशी पटवायची तेही लिहू, म्हणजे आमच्या नावाने दुसरंच कोणी फोन केला तर ज्येष्ठांना कळेल. दिव्यांच्या फाइलमध्ये दुरुस्तीच्या तारखेचा रकाना सापडला! आमच्या त्या वस्तीतल्या बऱ्याच खांबांपुढे तो रिकामा आहे. रिकामा म्हणजे दुरुस्ती झाली नाही, की नोंद झाली नाही?

आकडेमोड:

ते फाइल सांगणार नाही. त्यातले थोडे खांब निवडा, संध्याकाळी स्वतः जाऊन पाहा आणि खांबाच्या क्रमांकासह लिहून काढा. बाकीच्या भागातलेही तितकेच खांब बघा, नाहीतर तुलना कशाशी करणार? हद्दीच्या फाइल उघडायला क्यूजीआयएस नावाचं नकाशांचं मोफत सॉफ्टवेअर आहे. अडलात तर दोन्ही वर्षांच्या फाइलचे दुवे इथे द्या, मी एकावर एक ठेवून देतो.