अ‍ॅमेझॉनची मुलाखत: कोडिंगखेरीज तयारी कशाची करावी?

प्रश्न
मी पुण्यातील एका आयटी सेवा कंपनीत जावा डेव्हलपर आहे. अ‍ॅमेझॉनच्या हैदराबाद कार्यालयातील इंजिनिअरपदासाठी माझी ऑनलाइन चाचणी पार पडली आहे. पुढच्या प्रत्येक फेरीत ‘लीडरशिप प्रिन्सिपल्स’वर, म्हणजे कामाच्या पद्धतीविषयी कंपनीने ठरवलेल्या तत्त्वांवर, प्रश्न असतात असे कळले. अल्गोरिदमचा सराव चालू आहेच. या प्रश्नांना किती वेळ द्यावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १
कोडिंगइतकाच द्यावा. ही तत्त्वे पूर्वी 14 होती, 2021 मध्ये 16 झाली, आणि कोणी कोणत्या तत्त्वांवर विचारायचे हे मुलाखतकारांत आधीच वाटलेले असते. त्यांच्यातला ‘बार रेझर’ (निवडीचा दर्जा राखणारा मुलाखतकार) त्या टीमबाहेरचा असल्यामुळे त्याला जागा भरण्याची घाई नसते आणि त्याने नकार दिला की मॅनेजरचेही काही चालत नाही.

आपल्याला सगळे श्रेय टीमला देण्याची सवय असते. तिथे मात्र ‘यात तुमचा निर्णय कोणता?’ हा उपप्रश्न ठरलेलाच. समजा, पेमेंट सेवा मंदावली म्हणून तुम्ही डेटाबेसमध्ये नवा इंडेक्स घातला, तर दुसरे कोणते पर्याय होते, ते का सोडले, विरोध कोणाचा होता आणि प्रतिसादाचा वेळ किती मिलिसेकंदांवरून कितीवर आला, हे सगळे न अडखळता सांगता यायला हवे. त्यासाठी जुनी तिकिटे (कामाच्या नोंदी) आत्ताच चाळून ठेवा. कंपनीचे गोपनीय तपशील अर्थातच सांगू नका.

उत्तर २
वरील मताशी मी सहमत आहे, तरी सराव सैल पडू देऊ नका. मुलाखतीत बहुधा साध्या एडिटरमध्ये, कोड न चालवता लिहावे लागते. त्यामुळे एखादे लहान उदाहरण घेऊन ओळ न् ओळ हाताने तपासण्याची आणि विचार मोठ्याने बोलत राहण्याची सवय लावावी. लिहायला लागण्यापूर्वी इनपुट किती मोठा असेल, रिकामा असू शकेल का, हे विचारून घ्यावे.

उत्तर ३
निवड झाल्यास, पगारासोबत मिळणारे कंपनीचे शेअर कधी हाती येतात, ते वेळापत्रक नीट वाचा. अ‍ॅमेझॉनची रूढ पद्धत चार वर्षांत अनुक्रमे 5, 15, 40 आणि 40 टक्के अशी आहे, आणि पहिल्या दोन वर्षांतली तूट रोख बोनसने भरून काढली जाते. म्हणजे दोन वर्षांत नोकरी सोडणाऱ्याच्या हाती शेअरचा पाचवा हिस्साच येतो. शिवाय तिथे स्वतःच्या सेवेची ‘ऑन-कॉल’ पाळी (बिघाड झाल्यास केव्हाही हजर राहण्याची) इंजिनिअरांनाच करावी लागते आणि तिचा ताण टीमगणिक फार बदलतो. त्यामुळे मुलाखतीच्या शेवटी प्रश्न विचारण्याची संधी मिळेल तेव्हा, गेल्या महिन्यात रात्री किती वेळा उठावे लागले, हे मॅनेजरला जरूर विचारा.