‘पुट आऊट’ पाठ करून इंग्रजी येतं का?

सांगलीकर_मराठीमाध्यम
कालपासून आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर एक पोस्ट फिरतेय. ‘पोस्टपोन, टॉलरेट, एक्स्टिंग्विश असं बोलणारा मराठी माध्यमाचा आहे हे पाच मिनिटांत ओळखू येतं. पुट ऑफ, पुट अप विथ, पुट आऊट म्हणा. रोज दहा फ्रेझल व्हर्ब पाठ करा, महिन्यात फरक बघा.’ (फ्रेझल व्हर्ब म्हणजे साध्या क्रियापदाला ऑफ, अप, आऊट असा छोटा शब्द जोडून होणारं क्रियापद.) खाली तीनशेंची यादी, प्रत्येकासमोर एका शब्दात मराठी अर्थ. ग्रुपवर उत्तर देणार होतो, पण तिथे वाद नको म्हणून इथे लिहितोय.

अशीच यादी मी पाठ केली होती. पुट आऊट म्हणजे विझवणे. पहिल्या नोकरीत लीड्सच्या मॅनेजरबाईंना मी एक ईमेल केली आणि त्यांच्या साहेबांनाही त्यात घेतलं. त्यांचं उत्तर आलं, ‘आय वॉज अ बिट पुट आऊट बाय युअर ईमेल.’ विझवण्याचा इथे संबंध नाही एवढं कळलं. म्हणून वाटलं, ईमेल पुढे पाठवली असेल. मी लिहिलं, ‘नोटेड, थँक्स.’ बाई दुखावल्या होत्या. मला न विचारता थेट वर का गेलास, असं त्यांना म्हणायचं होतं, आणि मी त्यावर थँक्स म्हटलं. पुढचे दोन महिने त्या माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. का, ते मला वर्षभराने एका सहकाऱ्याने सांगितलं.

आपल्या भाषेत बघा. दिवा लावणं म्हणजे चालू करणं, दार लावणं म्हणजे बंद करणं. हजेरी लावतो, आडनाव लावतो, जीव लावतो, वाट लावतो. ‘लावणे’ची यादी कुणी पाठ केली आहे का? वाक्यं कानावर पडली म्हणून आलं. आणि पोस्टपोन म्हणण्यात कमीपणा कसला? लॅटिनमध्ये त्याचा अर्थच ‘नंतर ठेवणे’ असा आहे. लंडनचे वकीलही रोज वापरतात.

जुना_खडू
एकतीस वर्षं सातारा जिल्ह्यात इंग्रजी शिकवलं, म्हणून बोलतो. ‘कानावर पडून येतं’ हे ज्यांच्या कानावर पडतं त्यांच्यासाठी. २००० साली पहिलीपासून इंग्रजी आलं तेव्हा आमच्याकडे पुस्तकं आली, कान कुठून आणायचे? माझ्या वर्गातल्या मुलीला घरी, बाजारात, एसटीत, कुठेही इंग्रजी वाक्य ऐकू येत नव्हतं. तिच्या हातात यादी होती म्हणून ती निदान उताऱ्यापाशी अडली नाही. तुम्ही लीड्सपर्यंत पोचलात तेही यादीच्याच जोरावर. पोचल्यावर शिडीला नावं ठेवू नयेत.

आणि नियम असतात. ‘टर्न ऑफ द लाइट’ चालतं, ‘टर्न द लाइट ऑफ’ चालतं, पण सर्वनाम आलं की ते मध्येच बसतं. ‘टर्न इट ऑफ’. ‘टर्न ऑफ इट’ कधीही नाही. उलट ‘लुक आफ्टर हिम’ तुटत नाही, ‘लुक हिम आफ्टर’ होत नाही. हे ऐकून उमजायला दहा वर्षं लागतात, फळ्यावर दहा मिनिटं.

हिंजवडी_लेडी
सर, नियम मान्य. पण सरांच्या पिढीनेच आम्हाला ‘पुट ऑफ द लाइट’ शिकवलं, ते साफ चूक होतं. शिवाय ‘कोप अप विथ’, ज्यात ‘अप’ नसतोच. मी ट्रेनिंग देते, नव्या मुलांच्या तोंडून हे काढता काढता दमछाक होते. आणि ती पोस्ट उद्धट असेल, पण मुद्दा खरा आहे. फोनवर ग्राहकाला ‘आय शॅल इन्व्हेस्टिगेट द मॅटर’ म्हटलं की कोर्टाची नोटीस आल्यासारखं वाटतं. ‘आय विल लुक इन्टू इट’ म्हटलं की माणूस बोलतोय असं वाटतं.

लीथ_वॉकवरून
एडिनबराला बारा वर्षं आहे. माझी शेजारीण, सत्तरीची, इथेच जन्मलेली, रोज ‘पुट द लाइट ऑफ’ म्हणते. तेव्हा साफ चूक वगैरे जरा जपून. तुमच्या ट्रेनिंगच्या पुस्तकात नसेल, इकडे घराघरात आहे.

जुना_खडू
आभारी आहे. एकतीस वर्षांची चूक एका वाक्यात ठरवली गेली होती.

हिंजवडी_लेडी
ठीक आहे, ‘साफ चूक’ मागे घेते. ‘कोप अप विथ’ मात्र मागे घेणार नाही.

देवरुखची_माहेरवाशीण
लाइटवरून आठवलं. माझी आजी ‘लाइट बंद कर’ कधीच म्हणाली नाही. ‘दिवा मालव’ म्हणायची. देवापुढचा असेल तर ‘शांत कर’. विझव हा शब्द देवघरात उच्चारला तर रागवायची. माझी मुलं ‘लाइट ऑफ कर’ म्हणतात. क्रियापद गेलं, नुसता ‘ऑफ’ उरला.

वर्धेकर
आमच्याकडे ‘इझव’. मी शहरात शिकायला आलो तेव्हा ‘इझव’ म्हटलं म्हणून खोलीतल्या पोरांनी वर्षभर चिडवलं. तीच पोरं आज इंग्रजांनी चिडवलं म्हणून धागे काढतात.

सांगलीकर_मराठीमाध्यम
वर्धेकर, हा टोला मला असेल तर नावाने मारा. मी कुणाच्या बोलीला हसलेलो नाही.

वर्धेकर
तुम्हाला नाही, पण धागा वाचून जखम उघडी झाली. शब्दावरून माणसाची लायकी ठरवणारे पुण्यातही भेटतात, ग्रुपवरही. ‘लाइट घालव’ म्हणणारी माझी मावशी घरात बोलायचीच बंद झाली, सुना हसतात म्हणून.

देवरुखची_माहेरवाशीण
मावशींना सांगा, आमच्या शेजारच्या काकूही ‘घालव’च म्हणायच्या. बांगडी फुटली तरी आपण ‘वाढवली’ म्हणतो. संपण्याचे शब्द आपल्याकडे किती जपून वापरतात! ते ‘ऑफ’मध्ये कुठून येणार?

पाठशाळा_नाशिक
विषयावर येऊ या. जोडलेला छोटा शब्द अर्थ ओढून नेतो हे आपल्याला नवं नाही. ‘उपसर्गेण धात्वर्थो बलादन्यत्र नीयते। प्रहाराहारसंहारविहारपरिहारवत्॥’ धातू एकच, हृ. उपसर्ग बदलला की मार, जेवण, नाश, फिरणं, निवारण. वेदांच्या भाषेत तर उपसर्ग क्रियापदापासून सुटा, लांबही असायचा, तुमच्या ‘टर्न द लाइट ऑफ’सारखाच. त्यामुळे ‘इंग्रजीत तर्कच नाही’ ही तक्रार करणाऱ्याने आधी आपलं घर बघावं.

हिंजवडी_लेडी
हे पोरांना सांगून ती ग्राहकाशी बोलणार आहेत का? मी ‘अप’ असा शिकवते. ईट अप म्हणजे खाऊन टाक, ड्रिंक अप म्हणजे पिऊन टाक, यूज अप म्हणजे संपवून टाक. आपला ‘टाक’ जे करतो तेच तिथला ‘अप’ करतो. ‘खाऊन एकदाचं टाक’ असं आपणही मध्ये शब्द घालतोच. दुसऱ्या दिवशी मुलं स्वतः वाक्यं करतात.

पाठशाळा_नाशिक
प्रत्येक ‘अप’ म्हणजे ‘टाक’ नव्हे. ‘गेट अप’ला काय करणार, उठून टाक? पण सुरुवात म्हणून चांगली आहे, हे मानतो.

लीथ_वॉकवरून
अवघड वाटतंय म्हणून कुणी लाजू नका. १७५५ च्या कोशाच्या प्रस्तावनेत सॅम्युअल जॉन्सनने लिहून ठेवलंय की परक्यांना सर्वांत जड जातात ते हेच प्रयोग. आणि कानाची गोष्ट निघालीच आहे तर जोर ऐका. ‘टर्न इट ऑफ’मध्ये जोर ‘ऑफ’वर पडतो. आपण तिन्ही शब्द सपाट म्हणतो, म्हणून इथल्या माणसाला शब्द बरोबर असूनही कळत नाही. हे कुठल्याच यादीत छापलेलं नसतं.

जुना_खडू
हा मुद्दा मला नवा आहे. आम्ही जोर शिकवला नाही, आम्हालाच कुणी शिकवला नव्हता.

सांगलीकर_मराठीमाध्यम
सर, शिडीचं तुमचं म्हणणं रात्रभर डोक्यात होतं. यादी नसती तर मी मुलाखतीला बसलोच नसतो, हे कबूल करावं लागतंय. पण ‘पुट आऊट’समोर फक्त ‘विझवणे’ छापणाऱ्याला मी माफ करणार नाही. समोर एक वाक्य छापायला किती शाई लागते?

जुना_खडू
तेवढं मान्य. निवृत्त झालो तरी गल्लीतली सहा मुलं संध्याकाळी शिकवणीला येतात. उद्या ‘पुट आऊट’ घेतो. आग विझवली याचं वाक्य माझ्याकडे आहे, पत्रक काढलं याचंही. तिसरं तुमच्या मॅनेजरबाईंचं लिहू का फळ्यावर? नाव कुणाचंच घेणार नाही.

सांगलीकर_मराठीमाध्यम
लिहा सर. आणि खाली मी दिलेलं उत्तरही लिहा. मुलांना विचारा, याच्या जागी तुम्ही काय लिहिलं असतं.